पिकासा गेलं, आता फोटो कुठे लावायचे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

घरचे फोटो ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये कसे न्यायचे, या विषयावर मुंबईतल्या वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत चार नावं पुन्हा पुन्हा येतील. फोटो लावणं, शोधणं, त्यांना नावं देणं यासाठी डिजिकॅम. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर, म्हणजे सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या नोंदीवर, काम करण्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी. आणि एखाद्या फोटोत बारीक दुरुस्ती करायची असेल तर गिंप. चारही विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात आणि चारही विनामूल्य आहेत. मात्र ते त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. शोधल्यावर सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिरातींवरून नको.

उत्तरं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. फोटोला दिलेलं नाव, तारीख, तारे, जागा ही माहिती फोटोच्या फाइलमध्ये किंवा तिच्या शेजारच्या छोट्या फाइलमध्ये लिहिलेली असली पाहिजे. ती फक्त प्रोग्रॅमच्या पोटात असेल, तर प्रोग्रॅमबरोबर तीही जाते. इथले बहुतेक प्रश्न तिथूनच निघालेले आहेत.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर अजून पिकासा हा गूगलचा फोटो लावायचा जुना प्रोग्रॅम आहे. दहा-बारा वर्षांचे फोटो, चेहऱ्यांना दिलेली नावं, तारे सगळं त्यात आहे. आता कॉम्प्युटर बदलतोय. फोल्डर उचलून नव्या मशीनवर टाकले की झालं का? (गिरगाव)

फोटो येतील, पण मेहनत निम्मीच येईल. गूगलने पिकासाचा पाठिंबा १५ मार्च २०१६ रोजी बंद केला, त्यामुळे पुढची कामं जुनं मशीन चालू आहे तोवरच उरकून घ्या.

पिकासा माहिती तीन ठिकाणी ठेवतं. जेपीईजी फोटोंची कॅप्शन आणि टॅग थेट फाइलमध्ये असतात, ते आपोआप येतील. तारे आणि 'सेव्ह' न केलेल्या दुरुस्त्या प्रत्येक फोल्डरमधल्या एका लपलेल्या आयएनआय फाइलमध्ये असतात आणि ती दुसरे प्रोग्रॅम वाचतीलच असं नाही. चेहऱ्यांच्या नावांची यादी तर फोटोंच्या फोल्डरमध्ये नसतेच, ती विंडोजच्या तुमच्या प्रोफाइलमध्ये असते.

म्हणून आधी 'टूल्स'मधून 'ऑप्शन्स' उघडा आणि 'नेम टॅग्ज'मध्ये नावं फोटोत साठवण्याचा पर्याय चालू करा. हा पर्याय पुढच्या नावांसाठी आहे. आधी दिलेली नावं फाइलमध्ये उतरवायला 'टूल्स'मधल्या 'एक्सपेरिमेंटल'खाली 'राइट फेसेस टू एक्सएमपी' आहे, ते चालवा (एक्सएमपी म्हणजे फोटोची माहिती लिहिण्याची एक पद्धत). फोटो हजारोंनी असतील तर रात्रभर चालू ठेवायची तयारी ठेवा. ताऱ्यांसाठी वरचं ताऱ्याचं बटण दाबून फक्त तारांकित फोटो समोर आणा, सगळे निवडा आणि त्यांना 'तारांकित' असा टॅग द्या. टॅग फाइलमध्ये जातो, तारा जात नाही. शेवटी प्रत्येक फोल्डरच्या माथ्यावरच्या डिस्कच्या चिन्हाने दुरुस्त्या 'सेव्ह' करा. तेव्हा मूळ फोटो त्याच फोल्डरमधल्या 'पिकासाओरिजिनल्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो.

लोक चुकतात ते नेमकं पुढच्या पायरीला. फोल्डर उघडून आतले फोटो निवडून कॉपी केले, तर लपलेल्या वस्तू मागेच राहतात आणि मूळ फोटो कायमचे जातात. कॉपी करताना अख्खा फोल्डरच उचला. नव्या मशीनवर डिजिकॅमला हा फोल्डर 'कलेक्शन' म्हणून दाखवला की टॅग, कॅप्शन आणि चेहऱ्यांच्या चौकटी नावांसह दिसू लागतात.

गूगल फोटोजमध्ये सुमारे ६० जीबी फोटो आहेत. दरमहा पैसे भरण्यापेक्षा ते घरी आणावेत असं वाटतं. एकदा प्रयत्न केला तर हजारो जेसन फाइल आल्या आणि तारखाही गडबडल्या. (मुलुंड)

१ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जाऊ लागले, तेव्हापासून हा प्रश्न घरोघरी आहे. सगळे फोटो बाहेर काढण्याचा अधिकृत रस्ता म्हणजे गूगल टेकआउट. पूर्वी इतर प्रोग्रॅम परवानगी घेऊन सगळा संग्रह उतरवू शकत. ती वाट ३१ मार्च २०२५ नंतर बंद झाली आहे, त्यामुळे जुन्या लेखांतल्या युक्त्या आता चालणार नाहीत.

टेकआउटमध्ये आधी सगळ्या सेवांवरची खूण काढा आणि फक्त गूगल फोटोजवर ठेवा. प्रकार झिप, आकार ५० जीबी निवडा. २ जीबी ठेवलात तर तिसेक तुकडे येतील आणि त्यातला एखादा तुटक उतरला तर कळणारही नाही. उतरवायची लिंक आठवडाभरच चालते, तेव्हा इंटरनेट आणि हार्ड डिस्क दोन्ही तयार असतील तेव्हाच मागणी करा. डिस्कवर संग्रहाच्या दुप्पट, म्हणजे तुमच्या बाबतीत निदान १२० जीबी जागा मोकळी हवी, कारण झिप आणि उघडलेले फोटो काही काळ शेजारी शेजारी राहतात.

सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये उघडा. एका झिपमधल्या फोटोची जेसन फाइल, म्हणजे त्याची तारीख, जागा, वर्णन गूगलने जिच्यात लिहिलेलं असतं ती छोटी फाइल, दुसऱ्या झिपमध्ये असू शकते. प्रत्येक तुकडा वेगळा उघडला तर या जोड्या फुटतात. तुमच्या तारखा बिघडल्या त्यामागे हे एक कारण असावं.

आता जेसनकडे वळू. कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने फोटोत लिहिलेली तारीख, म्हणजे एक्झिफ, गूगल पुसत नाही. त्यामुळे बहुतांश फोटोंना जेसनची गरजच पडत नाही. गरज पडते ती तीन ठिकाणी: तारीख नसलेले फोटो, गूगल फोटोजमध्ये तुम्ही हाताने बदललेल्या तारखा-जागा, आणि तिथे लिहिलेली वर्णनं. अशा फोटोंसाठी फिल हार्वी यांचं एक्झिफटूल वापरा. ते जेसनमधली 'फोटो टेकन टाइम' ही नोंद उचलून फोटोच्या 'डेट टाइम ओरिजिनल' या रकान्यात भरू शकतं. ज्या फोटोंत हा रकाना रिकामा आहे त्यांवरच ते चालवा. सरसकट चालवलं तर बरोबर असलेल्या तारखांवरही नव्याने लिहिलं जाईल.

इथे साडेपाच तासांचा घोळ होतो. जेसनमधली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. १७ सप्टेंबर २०२४ ला अनंत चतुर्दशी होती. १८ तारखेला पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी चौपाटीवर काढलेला फोटो त्या हिशेबाने १७ तारखेच्या रात्री ९ वाजून ४० मिनिटांचा ठरतो. म्हणून आधी तारीख नक्की आठवणाऱ्या चार-पाच फोटोंच्या प्रतींवर प्रयोग करा. फरक पडलेला दिसला, तर डिजिकॅममध्ये फक्त तेवढे फोटो निवडून 'अ‍ॅडजस्ट टाइम अँड डेट'मध्ये ५ तास ३० मिनिटं मिळवा. काही फोटोंना जेसन सापडतच नाही, कारण लांबलचक नावं टेकआउट कापतं. शिवाय एकाच नावाचे दोन फोटो असले तर कंसातला आकडा फोटोच्या आणि जेसनच्या नावात वेगवेगळ्या जागी बसतो. असे उरलेले फोटो हातानेच पाहावे लागतात.

वर्षांचे फोल्डर आणि अल्बमचे फोल्डर या दोन्हींत तोच फोटो येतो, म्हणून संग्रह फुगलेला दिसतो. डुप्लिकेट काढायची घाई करू नका. आधी अल्बममधल्या फोटोंना अल्बमच्या नावाचा टॅग द्या, नाहीतर 'महाबळेश्वर सहल' हा गट पुन्हा कधी जुळणार नाही.

कोणत्या फोटोंच्या तारखा बिघडल्या आहेत हे डिजिकॅमच्या 'टाइमलाइन'मध्ये लगेच कळतं. एकाच दिवसावर शेकडो फोटोंचा मनोरा उभा दिसला, तर ती फोटो काढल्याची तारीख नसून फाइल बनल्याची तारीख आहे. हे सगळं तपासून, फोटोंची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर पोहोचेपर्यंत गूगलमधलं काहीही पुसू नका. मोबाइलवरच्या गूगल फोटोज अ‍ॅपमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केला तर तो मोबाइलमधूनही जातो.

नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंना तारीखच नसते. काय करावं? (परळ)

व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना त्यातली एक्झिफ माहिती काढून टाकतं आणि फोटो लहानही करतं. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात मात्र वर्ष-महिना-दिवस आणि पुढे 'डब्ल्यूए' ही अक्षरं असतात. डिजिकॅमच्या 'अ‍ॅडजस्ट टाइम अँड डेट'मध्ये तारखेचा स्रोत म्हणून 'फाइल नेम' निवडता येतो. नवी तारीख लागू करण्यापूर्वी ती यादीत दिसते, ती वाचा. हा फोटो आल्याचा दिवस आहे, काढल्याचा नव्हे. वेळ तर मिळणारच नाही. 'डब्ल्यूए'पुढचे आकडे म्हणजे वेळ नाही, तो अनुक्रमांक आहे. लग्नकार्याचे फोटो हवे असतील तर पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, मग मूळ फाइल जशीच्या तशी येते.

अडोबीच्या लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या प्रोग्रॅमचं सबस्क्रिप्शन बंद करतोय. सुमारे वीस हजार रॉ फोटो आहेत. डार्कटेबलमध्ये माझं एडिटिंग येईल का? (अंधेरी)

टॅग, तारे, रंगांच्या खुणा, जागा येतील. एडिटिंग जसंच्या तसं येणार नाही, आणि कुणी तसं आश्वासन दिलं तर विश्वास ठेवू नका. दोन्ही प्रोग्रॅमचं रंगांचं गणितच वेगळं आहे.

सबस्क्रिप्शन संपण्याआधी लाइटरूम क्लासिकमध्ये सगळे फोटो निवडा आणि 'मेटाडेटा' मेन्यूतून 'सेव्ह मेटाडेटा टू फाइल्स' चालवा. प्रत्येक रॉ फाइलशेजारी एक एक्सएमपी फाइल तयार होईल. 'कलेक्शन्स' आणि 'व्हर्च्युअल कॉपीज' मात्र एक्सएमपीत जात नाहीत, ते कॅटलॉगमध्येच राहतात. म्हणून त्याआधी प्रत्येक कलेक्शनमधल्या फोटोंना कलेक्शनच्या नावाचा कीवर्ड द्या आणि व्हर्च्युअल कॉपीज वेगळ्या एक्सपोर्ट करून ठेवा.

मग पूर्ण झालेल्या, तुम्हाला प्रिय असलेल्या फोटोंचं अंतिम रूप एक्सपोर्ट करा. जेपीईजी ९० पेक्षा वरच्या गुणवत्तेचं पुरेसं आहे. १६ बिट टिफ हवं असेल तर जागेचा हिशेब करा: २४ मेगापिक्सेलचा एक फोटो न आवळता १४४ एमबी होतो, म्हणजे हजार फोटोंना १४४ जीबी. आमचा सल्ला असा, की मोजक्या दोन-तीनशे फोटोंचं टिफ ठेवा आणि बाकीच्यांचं जेपीईजी.

डार्कटेबल पहिल्यांदा फोटो आयात करताना लाइटरूमची एक्सएमपी वाचतं. एक्सपोजर, क्रॉप, टोन कर्व्ह यांसारख्या थोड्या गोष्टी जवळपास उतरवतं. हे पहिल्या आयातीलाच होतं. म्हणून आधी लाइटरूममध्ये 'सेव्ह मेटाडेटा', मगच डार्कटेबलमध्ये आयात. हा क्रम उलटा झाला तर त्या फोटोंचे टॅगही येत नाहीत. सबस्क्रिप्शन संपल्यावरही लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो पाहता आणि एक्सपोर्ट करता येतात. फक्त 'डेव्हलप' आणि 'मॅप' बंद होतात. त्यामुळे ते लगेच काढून टाकू नका.

डिजिकॅम आणि डार्कटेबल दोन्ही वापरणार असाल तर कामाची वाटणी करा: नावं-टॅग डिजिकॅममध्ये, एडिटिंग डार्कटेबलमध्ये. दोन्ही प्रोग्रॅम एक्सएमपी फाइलला सारखंच नाव देतात, म्हणजे दोघंही एकाच फाइलमध्ये लिहितात. म्हणून दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवू नका. डार्कटेबलच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'स्टोरेज'खाली सुरू होताना बदललेल्या एक्सएमपी शोधण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. डिजिकॅममध्ये 'मेटाडेटा'च्या 'साइडकार्स'मध्ये एक्सएमपी वाचणं आणि लिहिणं दोन्ही चालू हवं. रॉ फाइलच्या आत लिहिण्याचा प्रायोगिक पर्याय बंदच ठेवा.

आणि फोल्डर हलवायचे तर प्रोग्रॅममधूनच हलवा. विंडोजच्या एक्सप्लोररमधून हलवले तर डार्कटेबलमध्ये फोटोच्या जागी कवटीचं चिन्ह दिसतं. फोटो गेलेला नसतो, डार्कटेबलला पत्ता माहीत नसतो. डावीकडच्या 'कलेक्शन्स'मध्ये त्या फिल्म रोलवर (डार्कटेबल फोल्डरला असं म्हणतं) उजवं क्लिक करून 'सर्च फिल्मरोल'ने नवा पत्ता द्या.

डार्कटेबलमध्ये फोटो उघडला की लगेच फिका पडतो. आणि मंडपातले फोटो तर निळ्या-जांभळ्या एलईडीमुळे अगदी बिघडतात. माझं काय चुकतंय? (लालबाग)

फिकेपणात तुमची चूक नाही. कॅमेरा रॉ फाइलच्या आत स्वतः बनवलेला छोटा जेपीईजी ठेवतो. यादीत आधी तोच दिसतो. 'डार्करूम'मध्ये उघडल्यावर डार्कटेबल रॉमधून चित्र नव्याने बनवतं आणि कॅमेऱ्याने घातलेला भडकपणा त्यात नसतो. तो तुम्हाला हवा तेवढा तुम्ही घालायचा.

क्रम असा ठेवा. आधी 'एक्सपोजर': दिव्यांच्या माळांकडे दुर्लक्ष करा आणि मूर्तीचा किंवा माणसाचा चेहरा नीट उजळेल इतकं वाढवा. दिवे पांढरेफटक होताना दिसले तरी घाबरू नका, ते पुढच्या पायरीत आवरतात. ती पायरी म्हणजे 'सिग्मॉइड' किंवा 'फिल्मिक आरजीबी'. दोन्हींपैकी एकच. दोन्ही चालू राहिले तर उजेडाची आवळाआवळ दोनदा होते आणि फोटो राखाडी, मेल्यासारखा दिसतो. नवख्यांनी 'सिग्मॉइड' घ्यावं, त्यात कॉन्ट्रास्टची एक पट्टी सरकवली की बहुतेक काम होतं. मग 'कलर बॅलन्स आरजीबी'मध्ये रंगांचा गडदपणा थोडा वाढवा. कॅमेऱ्याच्या जेपीईजीसारखी चमक इथून येते.

पांढऱ्याचा तोल सुधारायचा तर 'कलर कॅलिब्रेशन'मध्ये सुधारा आणि 'व्हाइट बॅलन्स' आहे तसं राहू द्या. दोन्हींत बदल केला तर डार्कटेबल स्वतःच इशारा देतं. मंडपात रंग मोजायला कार्यकर्त्याचा पांढरा सदरा किंवा मोगऱ्याचा हार उपयोगी पडतो, पण त्यावर रंगीत दिव्याचा झोत नको.

निळा एलईडी प्रकाश अगदी अरुंद पट्ट्यात असतो. कॅमेऱ्याचा सेन्सर त्याची अशी नोंद करतो, की तो रंग पडद्यावर दाखवताच येत नाही. मग कपड्यांवर, चेहऱ्यावर सपाट निळे डाग दिसतात, कडा काळ्या पडतात. 'कलर कॅलिब्रेशन'मधलं 'गॅमट कॉम्प्रेशन' १ पासून हळूहळू वाढवत जा, डाग विरघळून छटा परत दिसतील तिथे थांबा. त्याने सुधारत नसेल तर खालच्या पट्टीतला 'रॉ ओव्हरएक्स्पोज्ड' दर्शक लावून पाहा. निळा चॅनेल फोटो काढतानाच भरून गेलेला असेल तर कुठलाच प्रोग्रॅम तो परत आणू शकत नाही. पुढच्या वेळी एक्सपोजर एक स्टॉप कमी ठेवा, रॉमध्ये अंधार उजळता येतो.

फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर ते एडिटिंगने जाण्याची आशा धरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा.

अंधारातल्या फोटोंवरचे दाणेदार ठिपके (नॉइज) कमी करायला 'डिनॉइज प्रोफाइल्ड' चालू करा, पण परिणाम १०० टक्के झूमवरच तपासा. हिवाळ्यातल्या धुरक्यात सी-लिंकचे फोटो काढत असाल तर 'हेझ रिमूव्हल' कामाचं आहे. जास्त ताणलं की आकाश काळवंडतं आणि तारांभोवती उजळ कडा येतात, म्हणून पट्टीच्या मूळ जागेच्या आसपासच राहा.

फक्त मोबाइलचे फोटो असतील तर हे सगळं शिकायची गरज आहे का? (विक्रोळी)

नाही. जेपीईजीसाठी डिजिकॅमचा स्वतःचा एडिटर पुरतो: क्रॉप, वाकडेपणा, उजेड, रंग. तो बदल केलेल्या फोटोची नवी आवृत्ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, मूळ फोटोला हात लावत नाही.

टॅग मराठीत दिले तर पुढे अडचण येईल का? (दादर)

मराठीतच द्या. घरातली आजी 'मुंज' शोधणार, 'थ्रेड सेरेमनी' नाही. एक्सएमपी युनिकोडमध्ये असतं, तिथे देवनागरी व्यवस्थित राहते.

अडचण येते ती आयपीटीसी या, फोटोत माहिती लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत. तिच्यात एका कीवर्डला ६४ बाइट एवढीच जागा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण या प्रत्येकाला तीन. 'अनंत चतुर्दशी विसर्जन मिरवणूक' हा टॅग ८१ बाइटचा होतो आणि फक्त आयपीटीसी वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो मध्येच तुटलेला दिसू शकतो. उपाय सोपा आहे: टॅग उतरंडीने बनवा. 'सण'खाली 'गणपती', त्याखाली 'विसर्जन'. वर्ष टॅगमध्ये घालू नका, ते तारखेतून मिळतं. माणसांसाठी, जागांसाठी आणि प्रसंगांसाठी तीन वेगळ्या मुळ्या करा, एवढं पुरे.

एकच शब्द दोन प्रकारे लिहिला की दोन टॅग होतात: 'दिवाळी' आणि 'दीवाळी', 'डोंबिवली' आणि 'डोंबीवली'. टाइप करताना डिजिकॅम आधीचे टॅग सुचवतं, त्यातलाच निवडायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. दोन झालेच असतील तर 'टॅग मॅनेजर'मध्ये ते एकत्र करता येतात.

आणि हे सगळं फाइलमध्ये उतरण्यासाठी डिजिकॅमच्या 'मेटाडेटा' सेटिंगमध्ये टॅग, कॅप्शन, तारे, चेहरे यांपुढे खुणा आहेत ना ते आजच पाहा. त्या नसतील तर केलेलं काम फक्त डेटाबेसमध्ये जातंय. आधीच भरपूर टॅग दिले असतील तर 'मेंटेनन्स'मधून डेटाबेसमधली माहिती फाइलमध्ये लिहून घेता येते.

चेहरे ओळखण्यासाठी फोटो इंटरनेटवर पाठवावे लागतात का? (बोरिवली)

डिजिकॅममध्ये नाही. पहिल्या वेळी ओळखण्यासाठी लागणाऱ्या मोठ्या फाइल ते एकदाच उतरवून घेतं, पुढचं सगळं तुमच्याच मशीनवर होतं. 'पीपल'मध्ये आधी चेहरे शोधा, मग प्रत्येक माणसाच्या आठ-दहा चेहऱ्यांना हाताने नाव द्या: समोरून, बाजूने, चष्मा लावून, चष्म्याशिवाय. त्यानंतरच ओळखण्याचं काम चालवा आणि सुचवलेली नावं मान्य करा किंवा खोडा. चुकीची सूचना खोडायचा कंटाळा केला तर पुढच्या चुका वाढतात.

लग्नातल्या फोटोंत फेटा आणि मुंडावळ्यांनी कपाळ झाकलेलं असतं, तिथे नावं हातानेच द्या. लहान मुलांचे दर दोन-तीन वर्षांचे चेहरे वेगळे शिकवा. आणि मुंबईच्या रस्त्यावरच्या फोटोंत चौकातल्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवरचे चेहरेही सापडतात. ते 'इग्नोर' करा. नुसते काढून टाकले तर पुढच्या शोधात पुन्हा समोर येतील.

डुप्लिकेट फोटो एका झटक्यात कसे काढायचे? (कांदिवली)

एका झटक्यात काढू नका. डिजिकॅमच्या 'टूल्स'मधल्या 'फाइंड डुप्लिकेट्स'मध्ये साम्य ९० ते १०० टक्के ठेवा. त्याखाली गेलात तर एकामागोमाग काढलेले वेगळे फोटोही जोडीत येतात. जोडीतला जास्त पिक्सेलचा आणि कॅमेऱ्याचं नाव असलेला फोटो ठेवा. त्याआधी पुसायच्या फोटोवरचे टॅग ठेवायच्या फोटोवर आहेत का ते पाहा. पुसलेले फोटो प्रत्येक कलेक्शनमधल्या डिजिकॅमच्या कचरापेटीत जातात. ती रिकामी करेपर्यंत डिस्कवरची जागा वाढत नाही.

घर तळमजल्यावर आहे. फोटो क्लाउडमधून काढले तर पाण्याची भीती वाटते. (कुर्ला)

भीती रास्त आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यांवरच्या कपाटांतले अल्बम आणि निगेटिव्ह मोठ्या प्रमाणात गेले. क्लाउडमधून बाहेर पडायचं असेल तर दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आधी घ्या, फोटो मग काढा. एक डिस्क घरी, उंचावर. दुसरी वेगळ्या भागात राहणाऱ्या नातेवाइकाकडे, वरच्या मजल्यावर. दर दोन-तीन महिन्यांनी अदलाबदल करा, आणि जूनच्या आधी एकदा नक्की.

कॉपीसाठी फ्रीफाइलसिंक वापरा. त्यात 'मिरर' आणि 'अपडेट' असे पर्याय आहेत. 'मिरर' मूळ जागी नसलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवरूनही पुसतं. चुकून पुसलेला फोल्डर त्यामुळे दोन्हीकडून जातो. 'अपडेट' नवं आणि बदललेलं तेवढंच नेतं. सुरुवातीला तेच ठेवा, आणि बदललेल्या फाइलची जुनी प्रत 'व्हर्शनिंग'च्या फोल्डरमध्ये जाऊ द्या.

डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हींवर लावायची असेल तर ती एक्सफॅट या, दोन्हींना चालणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा, पण ती 'इजेक्ट' न करता ओढून काढू नका. लिहिणं अर्धवट राहिलं तर ते सावरायची सोय एक्सफॅटमध्ये नाही. डिजिकॅमच्या डेटाबेसच्या फाइल कॉपी करताना प्रोग्रॅम बंद हवा. हा डेटाबेस मशीनच्या आतल्या डिस्कवर ठेवा, नेटवर्कवर नको. पावसाळ्यात डिस्क सिलिका जेलसह घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की जेल वाळवून घ्या.

स्टुडिओत ६ बाय ४ ची प्रिंट दिली तर डोकी कापली जातात. (माहीम)

मोबाइलचा फोटो ४:३ प्रमाणाचा असतो, ६ बाय ४ ची प्रिंट ३:२ ची. ४००० बाय ३००० चा फोटो त्या प्रमाणात बसवायला उंचीतले ३३३ पिक्सेल जातात, आणि ते कुठून जावेत हे मशीन ठरवतं. डिजिकॅम किंवा डार्कटेबलमध्ये स्वतः ३:२ चा क्रॉप करा आणि डोक्यावर थोडी जागा सोडा. कारण छापताना कडेचा एखादा मिलिमीटर आणखी कापला जातो. एसआरजीबी रंगात, ९५ गुणवत्तेचा जेपीईजी द्या. अडोबी आरजीबीत दिलेला फोटो लॅबमध्ये फिका छापला जाण्याची शक्यता असते. १८०० बाय १२०० पिक्सेल या आकाराला पुरेसे आहेत, आणि प्रिंटची फाइल पेन ड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका.